सर्वांत लांबलेलं वर्ष

वेळणेश्वरात माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या वह्यांत उधारीच्या पानांआधी दरवर्षी एक वेगळं पान असे. शेवटचं गलबत कधी आलं, पावसानंतर पहिलं कधी लागलं, आणि त्या दिवशी मीठ, गूळ, घासलेट, तांदूळ किती उरलं होतं, एवढंच त्यावर लिहिलेलं.

उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, मध्ये आमचा गाव. मुंबईचा माल समुद्रानेच येई. पावसाळ्यात आगबोटी थांबत. गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारत, ती नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरत. म्हणून वैशाखापासूनच आगोटीची बेगमी चाले: कणगीत भात, मडक्यात मीठ, शिंकाळ्यात सुकी मासळी, बरणीत आमसुलं, पडवीत लाकडं.

किती माल भरायचा, हे आजोबा सरासरीवर ठरवत नसत. वह्या चाळून सर्वांत लांबलेलं वर्ष ते शोधत आणि त्या वर्षाला पुरेल एवढं भरत. मीठ उरलं तर पुढे खपेल. भर श्रावणात संपलं तर गावाने मागायचं कुणाकडे?

मार्च 1942 मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. रत्नागिरी जिल्ह्याला घरचं भात वर्षभर पुरत नसे. 1943 मध्ये मुंबईतही रेशनिंग आलं. नारळी पौर्णिमेची वाट पाहून हा खंड मिटणार नव्हता. जुन्या वह्यांत त्याला जोडच नव्हती. आजोबांनी नवा रकाना आखला: कुठल्या वाडीत नाचणी, वरी, हरीक किती पिकतं. वरकस जमिनीवरच्या त्या धान्याने आमचं घर तगलं.

पुढे रस्ते झाले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बेगमीची सवय सुटत गेली. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पुरात बुडाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या गावांना आपल्या घरातला साठा किती थोडा आहे ते कळलं.

आता गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मागणीचे अंदाज संगणकावर मांडणाऱ्या तिथल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आकड्यांच्या रांगेत न बसणारं वाईट वर्ष चूक समजून गाळू नका. साठा त्याच वर्षाकडे पाहून ठरवायचा असतो. आणि तांदळाच्या रकान्याशेजारी नाचणीचाही रकाना ठेवा.