इंडस (बॅटल रॉयल खेळ)

पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने तयार केलेला व १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड व आयओएस मोबाइलसाठी प्रसिद्ध झालेला नेमबाजीचा खेळ. तो ‘बॅटल रॉयल’ प्रकारात मोडतो. म्हणजे अनेक खेळाडू एकाच भूप्रदेशावर निःशस्त्र उतरतात, सापडतील ती शस्त्रे गोळा करतात आणि सुरक्षित क्षेत्र आकुंचन पावत असता शेवटचा खेळाडू वा गट उरेपर्यंत झुंजतात. कथानक विरलोक या ग्रहावर घडते, जेथे लुप्त झालेल्या यक्ष संस्कृतीचे अवशेष विखुरले असून ‘कॉस्मियम’ नावाच्या दुर्मीळ द्रव्यासाठी संघर्ष चालतो. ते हस्तगत करूनही सामना जिंकता येतो, हे या खेळाचे वैशिष्ट्य आहे. उद्ध्वस्त जगात तगून राहण्याची कल्पना पाश्चात्त्य खेळांत बहुधा अणुयुद्ध किंवा रोगाची साथ यांवर उभी राहते. येथे तिला भारतीय पुराणकल्पनांची बैठक मिळाली.

पबजी मोबाइल या याच प्रकारच्या लोकप्रिय खेळावर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आल्यावर देशी पर्यायाची अपेक्षा वाढली होती, त्यामुळे ‘इंडस’चे मूल्यमापन प्रथमपासून त्याच्याशी तुलनेनेच झाले. चित्रशैली व विश्वनिर्मिती यांची प्रशंसा झाली, तर तांत्रिक दोष आणि खेळण्यातील अडखळ यांवर टीका झाली. ही टीका गांभीर्याने घ्यावी लागते, कारण यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या लहान शहरांत असे खेळ मुख्यतः स्वस्त मोबाइलवर खेळले जातात आणि तेथे असे दोष अधिक जाणवतात. कल्पनेच्या दृष्टीने ‘इंडस’ ही भारतीय खेळनिर्मितीतील महत्त्वाकांक्षी कृती ठरते.