शिशावरची मुद्रा

हैदराबादच्या बेगम बाजारात लोखंडी वजन घेताना मुरलेलं गिऱ्हाईक आधी ते हातात फिरवून बघतं. वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं आणि शिशावर सरकारी मुद्रा. वजन झिजतं, म्हणून ठरावीक मुदतीने ते पुन्हा तपासून मुद्रा मारून घ्यावी लागते. व्यापारी कुरकुरतात, पण मारून घेतात.

मन मोजायच्या कागदावर अशी मुद्रा कुणी मारली, हे शोधत मागे गेलं की 1960 साल लागतं. ब्रिटनमधल्या मॅक्स हॅमिल्टननी नैराश्याचं मोजमाप छापलं. भरायचं डॉक्टरांनी, तेही निदान झालेल्या रुग्णांपुरतं. पुढे औषधांच्या चाचण्यांनी ते उचललं. 1997 मध्ये रॉबर्ट गुडमन यांनी मुलांसाठी 25 विधानांची प्रश्नावली काढली. ती पालक आणि शिक्षक भरतात, अकरा वर्षांपुढचं मूल स्वतःही. मोठ्यांच्या नैराश्याची नऊ प्रश्नांची, 27 गुणांची प्रश्नावली तर फायझरच्या पैशावर तयार झाली. म्हणजे समुपदेशकाच्या टेबलावर हे कागद आले ते संशोधकांच्या आणि औषधवाल्यांच्या घरून. सुनेसारखे नव्हे, तपासनिसासारखे.

समुपदेशकांची या कागदांबद्दलची अढी इथली. अमेरिकेत जेन्सन-डॉस आणि हॉली यांनी मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 1,442 जणांना अशा कागदांबद्दल विचारलं. 2010 मध्ये निष्कर्ष आले. कागद कितपत शास्त्रशुद्ध वाटतो यापेक्षा तो रोजच्या कामात बसतो का, यावर वापर ठरत होता. मला यात नवल वाटत नाही. बाहेर बाकावर चार आया बसलेल्या असताना 25 विधानं वाचून दाखवायची कधी? आणि आकडे साहेबांकडे जाणार असतील तर मोजमाप मुलाचं की माझं, ही शंका वेगळीच.

आपल्याकडचा धागा गोव्यात सापडतो. 1996 पासूनच्या 'संगाथ' संस्थेने प्रौढांच्या उपचारात तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली साध्या, बिगर-डॉक्टर समुपदेशकांच्या हाती दिली. पुढे दिल्लीच्या सरकारी शाळांत त्यांनी मुलांसाठी समस्या सोडवायचा छोटा उपचार तपासला. तिथे मोजमापं दोन होती: गुडमनची प्रश्नावली आणि मुलाने स्वतः सांगितलेले त्रास, जास्तीत जास्त तीन, प्रत्येकाला 0 ते 10 गुण. 2020 मध्ये निकाल छापला. सहा आठवड्यांनी मुलांच्या स्वतःच्या यादीतले आकडे तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतरले होते; गुडमनच्या प्रश्नावलीत म्हणावा असा फरक दिसला नाही.

यातलं खरं कुठलं, असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही काटे वेगळी वस्तू तोलत होते. पण 'बाबा ओरडतात, अभ्यास होत नाही' असं मुलाने लिहवून घेतलं आणि पुढच्या खेपेस आठाचे पाच झाले, तर समुपदेशकाला तो कागद परका वाटणार नाही. त्यावर बोलता येतं.

बेगम बाजारात बदाम तोलताना दुकानदार काटा गिऱ्हाइकाला दिसेल असाच धरतो. तो स्थिरावेपर्यंत दोघंही गप्प असतात.