कुंकळ्ळीचे रक्तसाक्षी आणि दोमिंगो

धर्मासाठी प्राण देणाऱ्या माणसाला मराठीत दोन शब्द आहेत. ‘हुतात्मा’ हा सर्वांच्या ओळखीचा. ‘रक्तसाक्षी’ हा ख्रिस्ती मराठीतला. दुसरा शब्द मूळ ग्रीक शब्दाच्या अधिक जवळ जातो, कारण तिथेही मुळात अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच आहे. पण साक्ष म्हटली की ती कोणी नोंदवून घेतली, हा प्रश्न आलाच. दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी गावी रक्तसाक्षींचे जे कपेल आहे, त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आम्हांला हाच प्रश्न पडला.

घटना सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट साष्टीतील ओर्लीच्या चर्चमध्ये जमले, मिस्सा ऐकून कुंकळ्ळीला गेले. क्रूस उभारावा आणि चर्चसाठी जागा पाहावी, हा हेतू. त्यांचे प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी तीन वर्षे धर्मचर्चा करून ते त्याच वर्षी गोव्यात परतले होते. सोबत पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर आरान्या. शिवाय गोन्सालो रॉद्रिगीश नावाचा एक पोर्तुगीज आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती. गावकरी शस्त्रे घेऊन आले. रॉद्रिगीशने बंदूक रोखली, ती पाशेकोंनी खाली घ्यायला लावली आणि जमावाला कोकणीतून सांगितले की भिऊ नका. त्यानंतर कत्तल झाली. पाचही मृतदेह विहिरीत टाकले गेले. पुढे त्या विहिरीचे पाणी रोग बरे करते अशी श्रद्धा पसरली आणि गोवाभरातून लोक ते न्यायला येऊ लागले. कुंकळ्ळीचे तीर्थस्थान झाले ते असे.

गावकऱ्यांनी हे का केले, याचे उत्तर जेझुइटांच्याच कागदपत्रांत सापडते. गोव्याचे इतिहासकार तेओतोनियो दि सोझा यांनी त्याच कागदपत्रांच्या आधारे या प्रकरणाची फेरतपासणी केली. कुंकळ्ळी आणि आसपासची गावे पोर्तुगीजांना कर द्यायला नाखूश होती. देवळे पाडली तरी ती पुन्हा बांधीत होती. त्यांच्यावर ज्या दंडात्मक मोहिमा गेल्या त्यांत पाशेको आणि बेर्नो सामील होते. बेर्नो यांनी तिथले पवित्र वारूळ उद्ध्वस्त केले आणि गाय मारली. आम्ही हे देवबागला बसून लिहीत आहोत. तळकोकणातल्या माणसाला वारूळ फोडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सातेरी आमच्याकडे वारुळातच असते. युरोपीय वाचकाला जी मुंग्यांनी रचलेली माती वाटेल, ती इथे गावची आई आहे.

आता त्या चौदा जणांकडे वळू. त्यांत दोमिंगो नावाचा मुलगा होता. कुंकळ्ळीचाच, रायतूरला पाद्र्यांजवळ शिकत असलेला. गावातली देवळे कोणती आणि कुठे आहेत, हे त्यानेच पाद्र्यांना दाखवले. त्याला मारले ते त्याच्या सख्ख्या नात्यातल्या काकाने. दुसरा आल्फोन्सो, पाशेकोंचा वेदीसेवक, बहुधा मडगावचा. पाद्र्यांचे प्रार्थनापुस्तक त्याच्या हाती होते, ते तो सोडीना. त्याचे हात तोडले, पळू नये म्हणून गुडघ्यांचे सांधे छेदले. तशा अवस्थेत तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. मग सापडला आणि मारला गेला. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये त्याला पुरले. रायतूरचा पावलु द कोस्ता हाही त्यांतलाच. धर्मासाठी मरण यावे ही त्याची इच्छा सर्वांना ठाऊक होती.

या पंधरांना रक्तसाक्षीचा मान मिळाला नाही. काही न्याय्य कारणांसाठी गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप, डोमिनिकन पंथाचे व्हिसेंते द फोन्सेका, यांची तशी इच्छा नव्हती, एवढेच जेझुइट इतिहासकार गोन्साल्विश लिहून ठेवतात. कारणे ‘न्याय्य’ होती हे कळते. कोणती होती हे कळत नाही. पाच जणांची प्रक्रिया मात्र चालू राहिली. त्यांच्या अस्थी रायतूरहून १५९७ मध्ये सेंट पॉल महाविद्यालयात आणि १८६२ मध्ये जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलमध्ये गेल्या. १७४१ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांचे मरण धर्मासाठीच होते असा निर्णय दिला. १६ एप्रिल १८९३ रोजी रोममध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले गेले. तीनशे दहा वर्षे लागली. चमत्कारांचे पुरावे आले ते युरोपातून. ज्या गोव्यात लोक विहिरीचे पाणी नेत होते, तिथला एकही चमत्कार नोंदीस लागला नाही. म्हणजे स्थानिकांचे मरण वगळले गेले, तसेच त्यांचे बरे होणेही.

गावकऱ्यांच्या बाजूलाही साक्ष आहेच. बदला म्हणून पोर्तुगीजांनी सोळा प्रमुख गावकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. एकटाच नदीत उडी टाकून कारवारकडे निसटला, असे कुंकळ्ळीत सांगतात. त्यांचे स्मारक या शतकाच्या आरंभी गावात उभे राहिले. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली, ती ‘कुंकळ्ळकरीण’ हे नाव घेऊनच. शिगम्यात बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन तिची मिरवणूक कुंकळ्ळीत परत येते, आणि त्याच वांगडांतली ख्रिस्ती झालेली घराणीही तिचा मान राखतात. जुलैत कपेलमधल्या सणाला जाणारी घरे तीच. ही गुंतागुंत गावाने कोणत्याही आर्चबिशपाला न विचारता सांभाळली आहे.

दोमिंगोला मात्र या दोन्ही स्मरणांत जागा नाही. वांगडांच्या दृष्टीने तो घरभेदी. चर्चच्या दृष्टीने पाच धन्यांच्या मागची एक तळटीप. आम्हांला तो निष्पाप वाटतो असे नाही. देवळे त्याने दाखवली, आणि त्या दाखवण्याचा अर्थ त्याला कळत नसेल असे मानायला जागा नाही. पण कुंकळ्ळीतली दोन्ही जगे ज्याच्या एकट्याच्या अंगात होती असा तोच होता, आणि काकाच्या हाताने मेला तोही तोच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात एक ओळखीचे नाव भेटते. कत्तलीनंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, एका इंग्रज जेझुइटाने गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहून हा वृत्तांत कळवला. तो टॉमस स्टीफन्स. पुढे रायतूरला १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ओवीत. त्याच्या आरंभी साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आता नवी द्या. वर्गात आम्ही हा प्रसंग भाषासौंदर्याच्या अंगाने शिकवत आलो: मराठीची थोरवी, ओवीचे वळण, कोकणीचा स्पर्श. ती मागणी कोणत्या गावांच्या, कोणत्या पाडलेल्या देवळांच्या शेजारून आली, हे शिकवले नाही. आमच्या जुन्या टिपणवहीत कुंकळ्ळी हा शब्द एकदा, समासात आहे. दोमिंगोचे नाव कुठेच नाही.