1/72 आणि 1/35 म्हणजे नक्की काय? प्लॅस्टिकच्या सुट्या तुकड्यांतून हुबेहूब विमानं-रणगाडे घडवणारा छंद

दिवाळीत अंगणात किल्ला केला की एक गंमत हमखास होते. बुरूज वीतभर, दरवाजा चार बोटांचा आणि पहाऱ्यावरचा मावळा त्या दरवाजापेक्षा उंच! महाराज सिंहासनावर बसले की मागचा बालेकिल्ला झाकूनच जातो. त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही, कारण तो किल्ला मनातला असतो.

पण समजा, एखाद्याने ठरवलं की मावळा, दरवाजा, तोफ आणि बुरूज हे सगळं एकाच प्रमाणात लहान करायचं. मग माप घ्यावं लागतं, जुनी चित्रं बघावी लागतात, तोफेचं चाक किती उंच होतं ते शोधावं लागतं. तिथूनच स्केल मॉडेलिंग सुरू होतं. जगभरात अनेक मोठी माणसं रात्री जेवणं आटोपली की टेबलावरचा दिवा लावून हेच करत बसतात. फक्त मातीऐवजी त्यांच्या हातात प्लॅस्टिकचं किट असतं.

स्केल म्हणजे काय?

किटच्या खोक्यावर 1/72, 1/48, 1/35, 1/700 असे आकडे छापलेले असतात. 1/72 म्हणजे मूळ वस्तूचा बहात्तरावा भाग. ब्रिटिश मापात सांगायचं तर मॉडेलवरचा एक इंच म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट. पावणेसहा फुटांचा माणूस या मापात जेमतेम अडीच सेंटीमीटरचा होतो.

ओझरला एचएएलच्या कारखान्यात ज्याची जुळणी झाली, ते सुखोई-30 विमान सुमारे 22 मीटर लांब आहे. 1/72 मध्ये ते साधारण 30 सेंटीमीटरचं होतं, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढं. 1/48 मध्ये तेच 45 सेंटीमीटरच्या पुढे जातं. जहाजांचं गणित वेगळं. नवी आयएनएस विक्रांत 262 मीटर लांब आहे. ती 1/72 मध्ये केली तर साडेतीन मीटरच्या वर जाईल आणि हॉलमध्ये माणसांना बसायला जागा उरणार नाही. म्हणून जहाजांसाठी 1/350 किंवा 1/700 ही मापं रूढ झाली. 1/700 मध्ये विक्रांत 37 सेंटीमीटरची होते आणि शोकेसमध्ये आरामात बसते.

सुरुवात झाली पेंग्विनपासून

लाकूड कोरून मॉडेल करण्याची कला फार जुनी आहे. पण सुटे भाग जोडायचे आणि मॉडेल तयार करायचं, असं संपूर्ण प्लॅस्टिकचं किट 1936 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. ‘फ्रॉग’ या ब्रँडने ‘पेंग्विन’ नावाने विमानांची मालिका काढली. फ्रॉगची आधीची मॉडेल विमानं उडायची, ही उडत नव्हती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव! या मालिकेचं माप 1/72 होतं आणि तेच पुढे विमानांचं सर्वांत लोकप्रिय माप ठरलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि ही छोटी विमानं जीव वाचवण्याच्या कामी लागली. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ओळखता आलं नाही तर आपल्याच वैमानिकावर गोळी झाडली जाण्याची भीती होती. अमेरिकी नौदलाने 1942 मध्ये देशभरातल्या शाळकरी मुलांकडून 5 लाख लाकडी मॉडेल्स करून घेण्याची मोहीम हाती घेतली. मापही 1/72 ठरलं. या मापाचं मॉडेल 35 फुटांवरून पाहिलं की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून जसं दिसेल तसं दिसतं. सैनिकांना ओळख पटवायला यापेक्षा सोपा मार्ग नव्हता.

एअरफिक्स : दोन शिलिंगांचं जहाज

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे स्वस्त प्लॅस्टिक आणि ते साच्यात दाबून भरणारी यंत्रं आली. ब्रिटनमधली एअरफिक्स कंपनी 1939 मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने काढली होती. हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे, असं करत ती 1952 मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाच्या किटपर्यंत पोचली. वुलवर्थच्या दुकानांत ते दोन शिलिंगांना मिळायचं. पुढे स्पिटफायर विमान आलं आणि खाऊच्या पैशात मॉडेल घेता येणारी एक अख्खी पिढी तयार झाली. 1965 च्या युद्धात भारतीय हवाई दलाने गाजवलेलं नॅट विमानही एअरफिक्सने 1/72 मध्ये काढलं होतं.

लाकडाच्या गिरणीतून उभी राहिलेली तामिया

या छंदातलं सर्वांत मोठं नाव मात्र जपानचं. शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी 1946 मध्ये लाकडाची सॉ मिल सुरू केली. जोडीला लाकडी मॉडेल्सही होती. 1951 मध्ये आग लागली आणि साठवलेलं लाकूड जळून गेलं. त्यानंतर कंपनीने लाकूड विकणं सोडलं आणि सगळी भिस्त मॉडेल्सवर ठेवली.

तेवढ्यात अमेरिकी प्लॅस्टिक किट्स जपानात आली आणि लाकडी मॉडेल्स मागे पडू लागली. तामियाने 1960 मध्ये यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. ते चाललं नाही, कारण दुसऱ्या कंपनीचं तेच जहाज बाजारात स्वस्त मिळत होतं. साचे पोलादी आणि महागडे असतात, त्यामुळे एक किट पडलं तरी घाव मोठा बसतो. कंपनीला तारलं ते पुढच्या पँथर रणगाड्याने. मोटर लावली की तो खरोखर चालायचा.

आज रणगाड्यांच्या किट्सचं जे 1/35 माप जगभर चालतं, त्याचा उगम या पँथरमध्ये आहे. ते कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढा रणगाडा केला आणि मग मोजल्यावर माप साधारण 1/35 निघालं!

योशिओंचे पुत्र शुनसाकू तामिया अचूकतेसाठी कुठल्या थराला जायचे, याचा किस्सा या छंदात सगळ्यांना ठाऊक असतो. 1970 च्या दशकात पोर्शे गाडीचं 1/12 किट करायचं होतं. फोटोंवर भागेना, तेव्हा त्यांनी खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि सुटी करून अभ्यासली. शिझुओकात आजही दर मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोला देशोदेशींचे मॉडेलर जातात.

किट नेमकं बनतं कसं?

खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग दिसतात. या चौकटीला ‘स्प्रू’ म्हणतात. भाग हाताने पिळून काढायचा नाही, बारीक कटरने कापायचा आणि उरलेला कोंभ पॉलिश पेपरने घासायचा.

यातला गोंद कागदाच्या गोंदासारखा चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीनचा वरचा थर विरघळवतो. दोन्ही भागांचं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावण उडून गेलं की सांधा एकजीव होतो. म्हणूनच गोंद जास्त झाला की कोरीव तपशील वितळून जातो. रेझिन आणि धातूच्या भागांवर हा गोंद चालत नाही, तिथे सुपरग्लू लागतो. मात्र तो कॉकपिटच्या काचेजवळ वापरला तर काच पांढुरकी होते.

सांध्यात फट राहिली तर पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. रंग ब्रशने किंवा एअरब्रशने देतात. खुणा आणि आकडे डिकल्सच्या रूपात येतात. ते पाण्यात भिजवून सरकवत बसवायचे. शेवटी ‘वेदरिंग’ म्हणजे चिखल, गंज, धूर, उन्हाने उडालेला रंग. नवं कोरं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. ते वापरातलं वाटायला लागतं ते या टप्प्यावर.

गोंद, वास आणि मोहरी

या छंदाची काळी बाजूही आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत काही मुलं नशेसाठी मॉडेलचा गोंद हुंगू लागली आणि अनेक शहरांनी मुलांना तो विकण्यावर बंधनं घातली. टेस्टर्स कंपनीने शेवटी गोंदात मोहरीच्या तेलातला झोंबणारा घटक मिसळला, म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकातोंडाला आग व्हावी. आजही नियम तोच : खिडकी उघडी ठेवायची, रेझिन घासताना मास्क लावायचा, लहान मुलांना गोंद एकट्याने हाताळू द्यायचा नाही.

दुसरा प्रश्न नैतिक आहे. बहुतेक किट्स युद्धाची असतात. मग हे युद्धाचं कौतुक नाही का? जर्मनीत स्वस्तिकाच्या नाझी चिन्हावर कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून अनेक किट्समध्ये ते नसतंच किंवा तुकड्यांत दिलेलं असतं. ज्यांना युद्ध नको, त्यांच्यासाठी गाड्या, प्रवासी विमानं आणि अवकाशयानं आहेत. शिवाय 1980 पासून बान्दाईची ‘गंडाम’ रोबो किट्स आहेत. आजची बहुतेक गंडाम किट्स गोंदाशिवाय, नुसती दाबून जोडता येतात.

भारतात अडचण कुठे येते?

भारतात चांगलं किट म्हणजे बहुतेक वेळा आयात केलेलं. सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल्स खेळण्यांच्याच गटात येतात. स्थानिक खेळणी उद्योगाला संरक्षण म्हणून 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये ते 70 टक्क्यांवर गेलं. त्याचा फटका पाळण्यावरच्या खुळखुळ्यासोबत मोठ्यांच्या छंदालाही बसला. एअरफिक्सच्या दोन शिलिंगांत जो छंद पोरासोरांच्या हातात आला, तो इथे पगारदारांपुरता उरण्याची भीती यात आहे.

सुरुवात करायची असेल तर

पहिल्यांदाच जहाज किंवा शंभर चाकांचा रणगाडा घेऊ नये. 1/72 मधलं एक इंजिनाचं साधं विमान किंवा दाबून जोडायचं किट पुरेसं आहे. कटर, एक धारदार ब्लेड, पॉलिश पेपर, गोंद आणि दोन बरे ब्रश एवढ्यावर काम भागतं. एअरब्रश नंतर घ्यावा. भाग रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण त्यांवर साच्याचं तेल असतं आणि रंग धरत नाही.

आणि पहिलं मॉडेल वाकडं झालं, गोंदाचे डाग पडले, डिकल फाटलं तरी ते फेकू नये. दहावं मॉडेल तयार झालं की ते त्याच्या शेजारी ठेवावं. आपला हात किती सुधारला, हे त्या दोघांकडे पाहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही.