मोर आणि चितळ: गळलेलं मोरपीस घरात चालतं, मग गळलेलं शिंग का नाही?

मिरा रोडच्या नया नगरातून काशिमिऱ्याकडे निघालं की हायवेपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला चेणे, घोडबंदरची वस्ती लागूनच आहे. इथे चितळ आहेत, मोरही आहेत. एक पक्षी, एक हरिण. पण दोघांत एक गोष्ट सारखी. नराचा साज दरवर्षी गळतो आणि पुन्हा येतो.

मोर: १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. वजन ४ ते ६ किलो. पावसाळा सरताना पिसारा गळतो आणि पुढच्या हंगामापर्यंत नवा येतो. लांडोरीला असा पिसारा नसतो.

चितळ: अंगावर पांढरे ठिपके. मोठा नर ७० ते ९० किलोचा. शिंगं फक्त नराला, बहुतेक तीन फाट्यांची. गाय-बकरीची शिंगं आतून पोकळ आणि जन्मभराची. चितळाची भरीव हाडाची, वर्षातून एकदा गळणारी. नवं शिंग येताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात मोराच्या शेपटीच्या पिसांना सूट आहे, म्हणून जत्रेत मोरपीस विकत मिळतं. मात्र परदेशात पाठवायला बंदी आहे. पिसांसाठी मोर मारला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. आपोआप गळलेल्या पिसाचं टोक स्वच्छ असतं, उपटलेल्याच्या टोकाला रक्त लागलेलं असू शकतं.

शिंगाला अशी सूट नाही. हरणाने स्वतः टाकलेलं असलं तरी ते सरकारी मालमत्ता. हाती आलं तर ४८ तासांत वनाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. भिंतीवर शोभेला लावणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्ह्यात येतं. औषध म्हणून उगाळायला ठेवलेलं सांबरशिंगही त्यातच मोडतं.

आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तर काहीच उचलायचं नाही, मोरपीससुद्धा नाही.

म्हणून लाकूडफाट्याला किंवा गुरांमागे गेल्यावर शिंग दिसलं तर हात लावू नका. मोबाईलवर फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.