आधी पंच, मग बक्षीस

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात युवकांच्या स्पर्धा भरवावयाच्या म्हटल्या की आम्ही प्रथम बक्षिसांचा विचार करतो, पंचांचा मागाहून. इतिहास मात्र उलट क्रम सुचवितो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली मद्रास येथील स्पर्धेत ते एका गुणाने मागे पडले. निकाल अन्यायाचा वाटल्यामुळे त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा झाली आणि ती त्यांनी जिंकली. प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तेथेही एक उणीव राहिलीच. दोन कुस्त्यांमध्ये नियमानुसार अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु ती मागावयास भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हशी लढले व हरले.

संत पौलानेही तिमथीला लिहिताना नियमाने लढणाऱ्या मल्लाचाच दाखला दिला आहे. तरुणाला नियम हवेत, तशीच त्या नियमांसाठी त्याच्या बाजूने उभी राहणारी वडीलधारी माणसेही हवीत. आपली दाद ऐकली जाते हे ज्याने अनुभवले, तो पराभवही मानाने स्वीकारतो. पुढील स्पर्धेत बक्षिसे आणण्याआधी आपण पंच निवडू या.