वैद्यकीय विद्या आणि तिचे ऋण

मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की घरात पेढ्यांच्या पाठोपाठ हिशेबाची वही उघडली जाते. फी किती, कर्ज किती, आणि ते फिटणार केव्हा? हे प्रश्न आज स्वाभाविक वाटतात. परंतु आपल्या देशात पाश्चात्य वैद्यक शिकणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांना फी तर द्यावी लागत नव्हतीच, उलट सरकारच त्यांच्या हातावर दरमहा पैसे ठेवीत होते, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

२८ जानेवारी १८३५ रोजी लॉर्ड बेंटिंकच्या सरकारने कलकत्त्यास मेडिकल कॉलेज स्थापण्याची आज्ञा काढली. चौदा ते वीस वर्षे वयाचे ५० विद्यार्थी सरकारी खर्चाने घ्यावेत आणि त्यांचे तीन वर्ग करून दरमहा ७, ९ व १२ रुपये विद्यावेतन द्यावे, असे तीत ठरले होते. ह्यात औदार्य फारसे नव्हते. लष्कराला आणि जिल्ह्यांतील दवाखान्यांना माणसे हवी होती, आणि विलायतेहून आणलेला डॉक्टर महाग पडत असे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर प्रेताला हात लावणाऱ्या मुलाला जातीत कोण ठेवील, ही पालकांची भीती होती. १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती घटना साऱ्या कलकत्त्यात गाजली. ते सात रुपये म्हणजे एका अर्थी ह्या सामाजिक जोखमीचे मोल होते. सरकारी कागद वाचण्यात ज्याची उमेद गेली, त्याला प्रत्येक अनुदानामागचा हेतू शोधण्याची खोड लागते; ती माझ्याकडून येथेही सुटली नाही एवढेच.

ह्या मोलाची परतफेड पैशात नव्हती, चाकरीत होती. शिकून बाहेर पडलेल्याने सरकार पाठवील तेथे जावे, ही अपेक्षा उघड होती. पुढे सबअसिस्टंट सर्जनचे वेतन दरमहा १०० रुपयांपासून सुरू होई. त्या काळी ती रक्कम लहान नव्हे.

मुंबईची कथा थोडी निराळी आहे. तेथे १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन ह्यांच्या हाताखाली देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकशाळा निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट ह्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी जमवली, जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली, आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिष्यवृत्त्यांना दात्यांची नावे होती. १८५१ साली तेथून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय थाटला, पण त्याच वेळी बंधू नारायण दाजींसह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, शिवाय शिलालेखांचे संशोधन केले. भाऊंची थोरवी त्यांच्या वृत्तीत होती, हे खरेच. तथापि पदवीबरोबर हप्त्यांचे कोष्टक हाती पडलेल्या तरुणाला शिलालेख वाचण्याइतकी सवड मिळाली असती काय, असा प्रश्न मला पडतो.

देणगीचेही ऋण असतेच. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा दागिने विकून आणि लोकांच्या मदतीतून प्रवासखर्च उभा राहिला. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांना सांगावे लागले. अठरा वर्षांच्या मुलीने दिलेले हे वचन म्हणजे समाजाच्या वहीत नोंदलेली एक रक्कमच होती. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक मिळाली, परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास त्यांचे निधन झाले.

ह्या साऱ्या इतिहासात एका वर्गाची आठवण फारशी कोणी काढीत नाही. तो वर्ग लायसेन्शिएटांचा. पदवीपेक्षा अभ्यासक्रम लहान, खर्च कमी, आणि कमाई लवकर सुरू. तालुक्याच्या गावी पाटीवर ‘एल.सी.पी.एस.’ अशी अक्षरे असलेले डॉक्टर आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातील नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या सुमारे ४७,५०० दिली आहे. त्यांत पदवीधर १७,६५४, आणि लायसेन्शिएट २९,८७०! म्हणजे देशाचे औषधपाणी मुख्यतः ह्याच मंडळींच्या हातून होत होते. समितीने बहुमताने ठरविले, की यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा, पदवीधर असावा. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. इतके थोडे डॉक्टर असताना ही शाखा बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या वैद्यकशाळेचे कॉलेज झाले ते त्याच वर्षी. गुणवत्तेच्या दृष्टीने समितीचा निर्णय चूक होता, असे मी म्हणणार नाही. परंतु मध्यम परिस्थितीतील मुलासाठी असलेली स्वस्त आणि ठेंगणी शिडी त्या दिवशी काढून घेतली गेली, ह्याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

स्वतंत्र भारतात सरकारी कॉलेजांची फी अल्प राहिली, पण जागा अपुऱ्या पडल्या. १९५३ मध्ये मणिपाल येथे पहिले खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि पुढील काही दशकांत दक्षिणेत व महाराष्ट्रात ही वाट रुळली. कर्नाटकाच्या १९८९ च्या अधिसूचनेत खाजगी कॉलेजांच्या फीचे तीन दर आहेत: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि परप्रांतीयांना ६०,००० रुपये. मीरतच्या मोहिनी जैन ह्यांना हा तिसरा दर लागू झाला. तो न परवडल्यामुळे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने अशी आकारणी बेकायदेशीर ठरविली. दुसऱ्याच वर्षी नवी योजना आली: निम्म्या जागा ‘फ्री’, निम्म्या ‘पेमेंट’, आणि दुसऱ्यांच्या फीतून पहिल्यांचा खर्च भागवायचा. २००२ च्या निकालात ती रद्द झाली. त्या वेळी न्यायालयाने एक मार्मिक निरीक्षण केले. चांगल्या शाळांत शिकलेली सुखवस्तू मुले बहुधा फ्री जागा मिळवीत, आणि भुर्दंड पडे तो मागे राहिलेल्यांवर.

आता सावकाराच्या जागी बँक आली आहे. २००१ साली बँकांसाठी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार झाली. शिक्षण चालू असेतो हप्ता नाही, ही तिची सवलत. परंतु व्याज थांबत नाही. समजा, पाच वर्षे दरसाल दोन लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यावर एक वर्षाची सूट. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच, सरळ व्याजाने साडेचार लाखांची भर पडते. दहाचे साडेचौदा होतात. त्या वेळी तो तरुण बहुधा एम.डी.च्या प्रवेशासाठी पुन्हा पुस्तके उघडून बसलेला असतो. परिचर्या किंवा भौतिकोपचार शिकलेल्या मुलीची मिळकत कमी असली, तरी ती तोवर एकदोन वर्षे पगार घेत असते.

गेल्या वर्षी ह्याच हिशेबासाठी आमच्या कचेरीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलीला खाजगी कॉलेजात एम.बी.बी.एस.ला जागा मिळत होती आणि सरकारी कॉलेजात भौतिकोपचाराला. त्यांनी फी, व्याज, हप्ता सारे व्यवस्थित मांडून आणले होते. मी कागद पाहून विचारले, “दवाखाना कोठे घालायचा, ते ह्यात कोठे आहे?” ते म्हणाले, “साहेब, ते तर हप्ताच ठरवील.” मुलगी शेजारी बसली होती. तिने कागद ओढून घेतला आणि खाली आपल्या गावाचे नाव लिहिले. मग बाप-लेक पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज करू लागली.